पुतरी मातीची, पुतरी सोन्याची : अक्षय्य तृतीयेचे पहिले पान कसे वाचावे



समीक्षा म्हटले की कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट आपल्या डोळ्यांपुढे येतो. या पाठात आपण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची समीक्षा करणार आहोत, आणि तेही एका ठरावीक दिवसाच्या पानाची. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. साहित्य हा माझा विषय नाही. पण माझ्या वर्गातली मुले दिवसभरात जो मजकूर सर्वांत जास्त वाचतात, तो पाठ्यपुस्तकाचा नसून जाहिरातीचा असतो. ज्या मजकुराखाली आपण इतके असतो, तो वाचायला मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही.

‘जाहिरातींचा माध्यमांवर आणि लोकसंस्कृतीवर होणारा परिणाम’ हा प्रश्न परीक्षेत येतो तेव्हा त्याचे उत्तरही ठरलेले असते. चार फायदे, चार तोटे आणि शेवटी ‘नाण्याला दोन बाजू असतात’. गुण मिळतात. पण उत्तर लिहून झाल्यावर जाहिरात कशी काम करते हे लिहिणाऱ्याला आधीपेक्षा जास्त कळलेले असते असे मला वाटत नाही. म्हणून आपण एकच शहर, एकच दिवस आणि एकच वस्तू घेऊ. शहर रायपूर, दिवस अक्षय्य तृतीया, वस्तू सोने.

सदर बाजार आणि गोल बाजार

ज्यांनी रायपूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. छत्तीसगडच्या या राजधानीच्या जुन्या भागात सदर बाजार आहे. कोतवाली चौकातून आत शिरले की दोन्ही बाजूंना सोन्याचांदीच्या पेढ्या लागतात. शहराचा सराफा तो हाच. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर गोल बाजार आहे. तिथे पूजेच्या साहित्यापासून भांड्यांपर्यंत सगळे मिळते, आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी काही दिवस मातीचे रंगवलेले बाहुला-बाहुलीही मिळतात.

छत्तीसगढीत या सणाला ‘अक्ती’ म्हणतात आणि त्या बाहुल्यांना ‘पुतरा-पुतरी’. अक्तीला मुले त्यांचे लग्न लावतात. मांडव, हळद, तेल, वरात असे सगळे मोठ्यांच्या लग्नासारखे. मोठी माणसे त्या लग्नाला पाहुणे म्हणून येतात, आहेरही करतात.

आता गंमत पाहा. ‘पुतरी’ याच शब्दाचा छत्तीसगढीत दुसरा अर्थ दागिना असा आहे. नाण्यासारख्या गोल चकत्या ओवलेली गळ्यातली माळ म्हणजे पुतरी. मराठी मुलांना हे लगेच ओळखीचे वाटेल, कारण आपल्याकडेही पुतळी म्हणजे बाहुली आणि पुतळी म्हणजे पुतळ्यांच्या माळेतले सोन्याचे नाणे. नाण्यावर आकृती कोरलेली असे, म्हणून ती पुतळी. दोन्ही भाषांनी एकाच शब्दात माती आणि सोने ठेवले आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत जाहिरातीने या सणाचे काय केले हे सांगायला मला याहून सोयीचा शब्द सापडलेला नाही. मातीची पुतरी अजून गोल बाजारात मिळते, पण पहिल्या पानावर असते ती सोन्याची.

हा दिवस कशाचा होता

कुठलाही सण ‘मुळात’ काय होता हे सांगताना जपून बोलावे लागते. सणांना एकच मूळ नसते. तरी अक्षय्य तृतीयेला ज्या गोष्टी गावोगाव केल्या जात आणि अजूनही जातात त्या पाहिल्या, तर त्यांत एक सारखेपणा दिसतो.

छत्तीसगडच्या गावांत अक्ती म्हणजे शेतीच्या वर्षाची सुरुवात. शेतकरी घरचे धान पानाच्या द्रोणात घेऊन ठाकुर देवापाशी जातात, बैगा पूजा करतो आणि ते बी पेरणीसाठी शुभ मानून परत नेले जाते. पितरांना पाणी दिले जाते. खानदेशात हाच दिवस ‘आखाजी’. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. सालदाराचे साल आखाजीपासून धरले जाते. आम्हा रायपूरकर मराठी घरांमध्ये मातीच्या घागरीत वाळा घातलेले पाणी भरून ती दान देतात, पितरांना नैवेद्य दाखवतात आणि त्यानंतरच घरात आंबा खायला सुरुवात होते. चैत्रातले हळदीकुंकू या दिवशी संपते.

पाणी, बी, माती, आंबा, माहेर, मजुरीचा करार. वैशाखाच्या उन्हात माणसाला ज्याची गरज असते त्या सगळ्या गोष्टी यात आहेत. सोने यात अजिबात नव्हते असे मी म्हणणार नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक, त्यामुळे ऐपत असलेल्या घरी गुंजभर सोने घेतले जात असेल. पण ते अनेक गोष्टींतले एक होते. दसऱ्याला तर आपण ज्याला सोने म्हणतो ते झाडाचे पान असते. छत्तीसगडातही लोक एकमेकांना सोनपत्ती देतात. ज्या समाजाला पानालाही सोने म्हणता येत होते, त्याला ‘आज सोने घेतलेच पाहिजे’ असे वाटू लागले. हे आपोआप घडलेले नाही.

सोन्याची जाहिरात नेमके काय विकते?

इथे मला माझ्या विषयाची मदत होते. साबण, गाडी, मोबाइल यांची जाहिरात करताना कंपनी म्हणू शकते की आमचा माल वेगळा आहे. सोने हे मूलद्रव्य आहे. अणुक्रमांक ७९. बावीस कॅरटचे म्हणजे ९१६ शुद्धतेचे सोने या पेढीत आणि त्या पेढीत एकच असते, आणि त्याचा भावही त्या दिवशी जवळपास एकच असतो. मग विकणाऱ्याने वेगळे काय सांगायचे? घडणावळ, विश्वास आणि दिवस, एवढ्याच तीन गोष्टी त्याच्या हातात उरतात. घडणावळीत चढाओढ केली की नफा कमी होतो. विश्वास कमवायला पिढ्या जातात. दिवस मात्र जाहिरातीने उभा करता येतो, आणि एकदा उभा राहिला की तो दरवर्षी फुकट परत येतो.

याला वस्तुवर्गाची जाहिरात म्हणता येईल : अमुक दुकानाची नव्हे, त्या वस्तूचीच. आपल्याकडचे चांगले उदाहरण म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती. तिने कुठल्याही एका कोंबडीपालकाचे नाव न घेता रविवार-सोमवारच्या यमकातून अंडे घराघरात नेले. सोन्यासाठी हे काम वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने केले. १९८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सोन्याच्या खाणी चालवणाऱ्या कंपन्यांची आहे. तिचे दुकान कुठेच नाही. २००० नंतरच्या दशकात दक्षिणेतल्या मोठ्या पेढ्यांनी आणि या संस्थेने अक्षय्य तृतीया हा सोनेखरेदीचा दिवस म्हणून देशभर मांडला. केरळात तर या दिवशी सोने घेण्याची चाल याच काळात रुजली.

याच्याही आधीचा धडा हिऱ्याचा आहे. डी बीअर्स या कंपनीने १९३८ मध्ये अमेरिकेतल्या एन. डब्ल्यू. एयर या जाहिरातसंस्थेला काम दिले. त्या संस्थेने नुसत्या जाहिराती छापल्या नाहीत. चित्रपटतारकांच्या अंगठ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवल्या, शाळांमधून मुलींपुढे व्याख्याने ठेवली. हिरा कायमचा असतो, हे वाक्य फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने १९४७ मध्ये लिहिले. साखरपुड्याला हिरा हवाच, ही अमेरिकेतली ‘परंपरा’ तुमच्या पणजीच्या वयाची आहे, फार जुनी नाही. तिथे ‘कायमचा’ हा शब्द जाहिरातीला तयार करावा लागला. इथे तो आपल्या पंचांगात तयारच होता. अक्षय्य म्हणजे न संपणारे. सोने गंजत नाही, झिजते फार थोडे. तेव्हा न संपणाऱ्या दिवशी न गंजणारा धातू, हा जोड ज्याला सुचला त्याच्या हुशारीला मी दाद देते. सोने गंजत नाही ते त्याच्या प्रमाण विद्युतविभवामुळे, जो हायड्रोजनच्या तुलनेत सुमारे +१.५० व्होल्ट असतो. तो तृतीयेला वाढत नाही आणि चतुर्थीला कमी होत नाही.

पान समोर ठेवू या

आता प्रत्यक्ष पान. अक्षय्य तृतीयेच्या दिवशीचे रायपूरचे कुठलेही मोठे दैनिक घ्या; नागपूरचे किंवा पुण्याचे घेतलेत तरी चालेल. वर वर्तमानपत्राचे नाव, तारीख, किंमत सगळे जागच्या जागी असते. खाली बातमी नसते. पानभर नववधू असते. या पानाला छपाईच्या धंद्यात ‘जॅकेट’ म्हणतात, कारण ते अंकाला अंगरख्यासारखे बाहेरून घातलेले असते. खरे पहिले पान तिसरे होते, कधी पाचवे.

आधी चित्र वाचा. वधूची नजर खाली किंवा कडेला असते. अंगावर इतके दागिने असतात की मान वळवणेही कठीण जाईल. मेंदीचे हात रिकामे. त्यांना कुठलेही काम नाही. मागे वडील असले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर समाधान. या चित्रात पैसे कुठून आले हे कुठेच नसते. कुंभार नाही, घागर नाही, पितर नाहीत, झोका नाही. अक्तीच्या दिवशी ज्या मुली बाहुलीचे लग्न लावून खेळतात त्याही नाहीत. त्यांच्या जागी बाहुलीसारखी सजवलेली मोठी मुलगी आहे.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. अक्षय्य तृतीया हा ‘अबूझ’ मुहूर्त मानला जात असल्याने या दिवशी लग्ने फार होतात, आणि त्यांत अल्पवयीन मुलींचीही होऊ शकतात. म्हणून छत्तीसगड आणि राजस्थानसारख्या राज्यांत प्रशासन अक्तीच्या आधी बालविवाहाविरुद्ध आवाहन करते, पथके नेमते. २००६ च्या कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. आवाहनाची बातमी आतल्या पानावर दोन रकान्यांत येते. वधूला मात्र पूर्ण पान मिळते. दोन्हींची जागा पट्टीने मोजून पाहा.

आता मजकूर. ‘खरेदीचा शुभ मुहूर्त सकाळी अमुक ते दुपारी अमुक’ असे जाहिरातीत किंवा शेजारच्या चौकटीत छापलेले असते. ज्या दिवसाला मुहूर्त पाहावा लागत नाही म्हणून तो अबूझ किंवा स्वयंसिद्ध, त्याच दिवसाला तासांचा मुहूर्त छापला जातो! परंपरेने संपूर्ण दिवस मोकळा ठेवला होता. पण सगळा दिवस शुभ असेल तर माणूस घाई कशाला करील? म्हणून दिवसाचे तुकडे केले जातात. पुष्कळदा त्याच चौकटीखाली दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडे आहे हेही असते. धर्माच्या नावावर जे छापले आहे ते धर्मानेही सांगितलेले नाही, एवढे तरी वाचकाच्या लक्षात यायला हवे.

आणि आकडे. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ हे वाक्य तुम्ही वाचले असेल. हिशेबाला सोपे जावे म्हणून सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. २०२५ च्या एप्रिलमध्ये चोवीस कॅरटने १० ग्रॅमला १ लाखाची पातळी गाठलीच होती. १० ग्रॅमची साखळी, घडणावळ २० टक्के. सोने १,००,००० आणि घडणावळ २०,०००. अर्धी सूट दिली की घडणावळ १०,००० उरते. ५० टक्के म्हणून ठळक छापलेली सूट एकूण १,२०,००० वर काढली तर सुमारे ८.३ टक्के भरते. शेजारच्या गल्लीतला लहान सोनार कसलीही सूट न देता सरळ १० टक्के घडणावळ लावत असेल, तर दोघांकडचे बिल एकच : १,१०,००० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी. फरक इतकाच की लहान सोनाराला पहिले पान परवडत नाही.

बातमी कुठे संपते?

पान उलटले की बातम्या लागतात, आणि माझ्या मते जाहिरातीचा खरा परिणाम जॅकेटपेक्षा इथे जास्त दिसतो. ‘अक्षय्य तृतीयेनिमित्त सराफा सजला’, ‘कोट्यवधींची उलाढाल अपेक्षित’. हा आकडा कुणी दिला? बहुधा व्यापाऱ्यांनी. कधी दिला? खरेदी होण्याच्या आधी. ‘अपेक्षित’ हा शब्द नीट पाहा. अपेक्षा खोटी ठरत नाही. महिनाभराने कराच्या नोंदींवरून तो आकडा ताडून पाहणारी बातमी तुम्ही कधी वाचली आहे का? इथे कुणी पैसे घेऊन बातमी छापली असा आरोप मी करत नाही. त्याची गरजही पडत नाही. ज्या सणाची मोठी जाहिरात येते तो सण बातमीदाराला मोठा दिसू लागतो. मातीच्या घागरींचा भाव यंदा किती, कुंभाराच्या किती बाहुल्या खपल्या, ही बातमीही त्याच बाजारात असते. ती सुचत नाही.

पैसे घेऊन छापण्याचे प्रकरणही महाराष्ट्राला माहीत आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची भलामण करणारे मजकूर बातमीच्या वेषात छापले गेले. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः सापडला. पी. साईनाथ यांनी ते ‘द हिंदू’तून उघड केले. भारतीय प्रेस परिषदेच्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांच्या उपसमितीने त्यावर ७१ पानांचा अहवाल दिला. २०१० मध्ये परिषदेने तो पूर्ण न छापता संक्षेप प्रसिद्ध केला. मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये खुला झाला. सणाची गोड बातमी आणि निवडणुकीची विकत बातमी यांत फरक आहे. पण वाचकाची सवय एकच असते. सराफ्याच्या बातमीत ‘हे कोण सांगते आहे’ असे न विचारणारा वाचक उमेदवाराच्या बातमीतही विचारणार नाही.

मग जाहिराती नकोतच का? असे म्हणणाऱ्यांना मी रायपूरचेच एक नाव सांगते. माधवराव सप्रे हे मराठी घरातले, हिंदी पत्रकारितेतले मोठे नाव. समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. मजकूर उत्तम, हेतू निर्मळ. तीन वर्षांत, १९०२ च्या अखेरीस, ते आर्थिक तोट्यामुळे बंद पडले. सदर बाजारापासून जवळच बूढापाऱ्यात त्यांच्या नावाची शाळा आहे. आज तुम्ही जे दैनिक चहाच्या कपाच्या किमतीत घेता, त्याचा कागदही तेवढ्यात येत नाही. उरलेली किंमत जाहिरातदार देतो. म्हणून तो पानावर हक्क सांगतो. कमी पैशात वाचणारे आपण या व्यवहाराचे तिसरे भागीदार आहोत, हे परीक्षेच्या उत्तरात कुणी लिहीत नाही.

मालिका, पैठणी आणि एक मागे घेतलेली जाहिरात

लोकसंस्कृतीकडे वळताना एक सावधगिरी : जाहिरात वरून ओतते आणि लोक खालून पितात, असे चित्र काढू नका. प्रवाह उलटाही असतो. २०१३ मध्ये झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्यातल्या जान्हवीचे तीनपदरी मंगळसूत्र बाजारात आले. ती लाट आम्ही रायपूरच्या हळदीकुंकवांतही पाहिली. बायकांनी ते निवडले, कारण ती मुलगी त्यांना आवडत होती. सोनाराकडे जाऊन ‘जान्हवीचे दाखवा’ म्हणणारी बाई मूर्ख नसते. पण तिने निवडलेली गोष्ट बाजार लगेच उचलतो आणि पुढच्या वर्षी तिलाच ‘परंपरा’ म्हणून परत विकतो, हे मात्र पाहायला हवे.

‘होम मिनिस्टर’चे उदाहरण अधिक बोलके आहे. २००४ पासून आदेश बांदेकर घरोघरी गेले, गृहिणीला बोलते केले आणि शेवटी पैठणी दिली. कार्यक्रमाचे मोल त्या बोलण्यात होते. २०२२ मध्ये त्याचेच ‘महामिनिस्टर’ झाले आणि बक्षीस ११ लाखांची पैठणी. माझ्या मते इथे कार्यक्रम हरला. ११ लाखांची साडी कुणी नेसत नाही; तिची बातमी होते. पैठणी वस्त्र होती, तिचा आकडा झाला.

जाहिरात नेहमी मागासलेलीच असते असेही नाही. २०१३ मध्ये तनिष्कने पुनर्विवाहाची जाहिरात केली. गौरी शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या जाहिरातीत सावळी वधू, तिची लहान मुलगी आणि सहज हसणारा नवरा होता. त्या काळातल्या बहुतेक मालिकांपेक्षा ते एक मिनिट पुढे होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीने हिंदू सुनेचे डोहाळजेवण करणारे मुस्लिम घर दाखवले. समाजमाध्यमांवर गदारोळ झाला आणि जाहिरात मागे घेतली गेली. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण कंपनीने दिले, आणि ते खोटे मानायचे कारण नाही. तरी धोंडो केशव कर्वे आठवतात. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्यांना तो विवाह ‘मागे घेण्याची’ सोय नव्हती. जाहिरातीतली सुधारणा आवडली तर जरूर म्हणा. पण तिच्यावर विसंबून राहू नका. विक्रीला धोका दिसला की ती रात्रीत नाहीशी होते.

भाषेचेही थोडे. आमच्या घरांत धनत्रयोदशीला धणे-गूळ आणि यमासाठी दक्षिणेकडे दिवा असे. आता मुले ‘धनतेरस’ म्हणतात, आणि ही फक्त हिंदी मुलखात राहण्याची गोष्ट नाही. पुण्यातली भाचरेही तेच म्हणतात. नाव बदलले तेव्हा धणे गेले आणि धन राहिले.

एकच चेहरा, दोन खिडक्या

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो तुमच्यापैकी अनेकांच्या घराला लागू होईल. अमिताभ बच्चन कल्याण ज्वेलर्सच्या जाहिरातींत दिसले आहेत आणि मुथूट फायनान्सच्याही. एक सोने विकते, दुसरी सोने तारण ठेवून कर्ज देते. त्यात बेकायदेशीर काही नाही, आणि सावकाराच्या व्याजापेक्षा तारणकर्ज पुष्कळदा बरेच असते. मी फक्त दोन्ही चित्रे शेजारी ठेवायला सांगते. घेतानाचे सोने वधूच्या गळ्यात असते. गहाण ठेवतानाचे सोने, जाहिरातीप्रमाणे, कुणाच्या तरी स्वप्नाला पंख देते. या दोन चित्रांमध्ये जे घडते ते कुठल्याच जाहिरातीत नसते : पीक गेले, कुणी आजारी पडले, महाविद्यालयाची फी भरायची राहिली. घेताना दिलेली घडणावळ आणि कर तारणाच्या वेळी मोजले जात नाहीत. वरच्या उदाहरणात १,१३,३०० रुपये देऊन घेतलेल्या साखळीकडे तारण घेणारा जास्तीत जास्त १,००,००० चे सोने म्हणून पाहील, आणि कर्ज त्याहूनही कमी देईल. फीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या घरी हा हिशेब कागदावर केलेला नसतो. सणाच्या दिवशी तो करणे अशुभ वाटते.

कायदा कुठे आहे? थोडक्यात : १९८५ पासूनची जाहिरात मानक परिषद ही उद्योगाने स्वतःवर नेमलेली संस्था आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने नेमलेले प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची हॉलमार्क ओळख सक्तीची आहे, आणि ती मोबाइलवर तपासता येते. शुद्धतेची फसवणूक यांमुळे पकडता येईल. दिवसाच्या मुहूर्ताविषयी मात्र कुठलाही कायदा काही बोलत नाही, आणि बोलूही नये.

स्वाध्याय असा आहे. येत्या अक्षय्य तृतीयेचा तुमच्या भागातला, कोणत्याही भाषेतला अंक जपून ठेवा. पट्टी घ्या आणि चौरस सेंटिमीटरमध्ये चार गोष्टी मोजा : सोन्याच्या जाहिराती, सोन्याच्या बातम्या, त्या सणाविषयी सोन्याखेरीज आलेला मजकूर आणि बालविवाहाविषयीचा मजकूर. ‘उलाढाल’ हा शब्द आला असेल तर आकडा कुणाच्या तोंडी आहे ते लिहा. मग घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा, तिच्या लहानपणी या दिवशी काय करत. तिचे उत्तर तिच्याच बोलीत, न सुधारता, त्या मोजमापांच्या शेजारी लिहा. रायपूरला असाल तर दोन्ही बाजारांत जा, आणि ‘पुतरी आहे का’ असा एकच प्रश्न विचारून कुठे काय दाखवतात ते टिपून आणा.